साहेबांचं 'बघतो'

आमच्या भागातल्या मंत्र्यावर लिहितोय म्हणल्यावर तुमी एखाद्या भानगडीची वाट बघत असाल. बघा वाट! मला साहेबांचा एकच शब्द नीट माहीत हाय: 'बघतो'.

नगर रोडला त्यांचं पाइपाचं दुकान हुतं, तवा ते 'बघतो' म्हणले की गिऱ्हाईक खूश, भाव कमी व्हायचा. मग पाइपाची कंपनी काढली, आमदार झाले, आता मंत्री. शब्द तोच, आवाजही तसाच मऊ. पण आता समोरच्याचं तोंड सुकतं. मागं एक ग्रामसेवक 'बघतो' ऐकून हसत गेला, आन् त्याची बदली थेट अकोले तालुक्याच्या डोंगरात झाली.

मी गावभर त्यांची नक्कल करायचो. गणपतीच्या कार्यक्रमात त्यांनीच मला स्टेजवर बोलावलं. "कर की रे, आमी पण ऐकू." मी चष्मा पुसल्यासारखं केलं, मान तिरकी केली आन् म्हणलो, "बघतो."

मांडवात कुणी हसलं न्हाई. साहेब उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"झ्याक. पण मी आधी जरा थांबतो. समोरच्याला घाम फुटूस्तोवर."

मला फुटला.

"तुझे वडील आपल्याच कंपनीच्या टेम्पोवर ना?"

मी मान हलवली. ते थांबले. लई थांबले. मग म्हणाले, "बघतो."

घरी माझ्या वडलांनी, आप्पांनी, चप्पलच उचलली. "गाढवा, मोठ्या मानसानं नक्कल कर म्हणलं तर वाईट करायची असती! इतकी हुबेहूब कशाला केली?"