शिगवण सरांचा सहावा रकाना

शिगवण सरांच्या प्रयोगशाळेत नवीन आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी एकच काम असे. कोपऱ्यात काचेच्या दोन टाक्या होत्या. एकीतून दुसरीत पाणी पडे. त्यांच्यासमोर स्टुलावर बसायचं, दर दोन मिनिटांनी पाण्याची पातळी लिहायची आणि कशालाही हात लावायचा नाही. पाणी काठापर्यंत आलं, सांडायच्या बेतात आलं, तरी नळ बंद करायचा नाही. "हात मांडीवर," सर म्हणत. "आधी त्याला काय करायचंय ते बघा. तुम्हाला काय करायचंय ते नंतर." मी चाळिशीला टेकलेली, अलिबागच्या तंत्रनिकेतनात चौदा वर्षं शिकवत असलेली बाई. मलाही त्यांनी स्टुलावर बसवलं. दुपारी पाणी सांडून माझ्या चपला भिजल्या, तेव्हा मागून आवाज आला, "छान. आज तुम्ही काही बिघडवलं नाहीत."

सर बोर्ली पंचतनजवळच्या एका वाडीतले. घर भातशेतीवालं. घरातले पहिले पदवीधर, वाडीतले पहिले प्राध्यापक. बुटके, काळेसावळे, कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा. वीस वर्षांच्या पोरालाही 'तुम्ही' म्हणत. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट, आणि तो डबा ते विभागप्रमुखांसमोरही उघडत. त्यांचा विषय होता कारखान्यातल्या प्रक्रिया. एखादी प्रक्रिया कशी वागते त्याचं गणित मांडायचं आणि त्या गणिताच्या जोरावर ती आपोआप ताब्यात ठेवायची. पालक विचारत, हे नक्की काय शिकवता? सर सांगत, "आई पेज उतू जायच्या आधी चुलीतलं लाकूड मागे ओढायची. किती आधी आणि किती मागे, एवढंच मला लिहून काढायचंय." मी एकदा विचारलं, आईला विचारलं नाहीत का? "विचारलं होतं. म्हणाली, तुला सांगत बसले तर उतू जाईल."

विद्यार्थ्याने फार सरळ, फार देखणा आलेख आणला की सर तो चष्मा वर करून बघत आणि परत देत. "फार गुणी आहे. याच्या घरी चौकशी करून या." पुढच्या आठवड्यात तो विद्यार्थी कुठलीतरी चूक शोधून आणायचाच. हे मी तीन वर्षं बघत होते. आमच्या स्वतःच्या आलेखाला मात्र हे वाक्य सरांनी लावलं नाही, आणि मलाही सुचलं नाही.

माझं काम मिठावर होतं. धरमतर खाडीकाठी मीठ शुद्ध करण्याचा एक कारखाना आहे. धुतलेलं ओलं मीठ तिथे मोठ्या फिरत्या पिंपात जातं, त्यातून गरम हवा सोडतात आणि दुसऱ्या टोकाने सुकं मीठ बाहेर पडतं. ते किती सुकं निघेल याचं गणित मी मांडत होते. संगणकात पाच रकाने जमा होत: वेळ, गरम हवेचं तापमान, पिंपाची गती, बाहेरच्या हवेतला दमटपणा, मिठात उरलेलं पाणी. दर गुरुवारी सर आणि मी एसटीने जायचो. पिंप चालवायच्या पॅनेलवर हिराजी म्हात्रे असत. त्यांच्या बापजाद्यांची मिठागरं होती. ती गेल्यावर मिठागरातला माणूस मिठाच्या कारखान्यात लागला. मधूनच उठून पिंपाच्या तोंडाशी जात, मूठभर मीठ दाबून बघत आणि मागच्या बाजूला नाहीसे होत. आम्हाला वाटे, विडी ओढायला जातात.

दोन पावसाळ्यांचे आकडे झाले. गणित इतकं चपखल बसलं की मला झोप येईना. निष्कर्षात आम्ही लिहिलं, हवेतल्या दमटपणाचा मिठाच्या सुकेपणावर होणारा परिणाम नगण्य आहे. सरांनी त्याच आकड्यांवर स्वतःच्या नावाने एक लेखही प्रसिद्ध केला. इतकी वर्षं केलेल्या कामातला तो सगळ्यात चांगला, असं ते एकदा म्हणाले होते. माझा प्रबंध टाइप होऊन तयार झाला. माझ्या नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झाली होती. तिसऱ्यांदा ती वाढत नाही. जूनच्या अखेरीपर्यंत प्रबंध गेला नाही, तर सगळं पहिल्यापासून. तंत्रनिकेतनातली बढतीही त्याच कागदावर अडलेली.

प्रबंध देण्याआधी सरांची एक रीत होती. त्यातला मुख्य आलेख ते कारखान्यात नेत आणि ज्याने यंत्र चालवलं त्याला दाखवत. तिथल्या इंजिनिअरला नंतर. त्या गुरुवारी आम्ही हिराजींना आलेख दिला. त्यांनी तो हातभर लांब धरला.

"ही लाल रेघ कसली?"

"बाहेरचा दमटपणा," मी म्हटलं.

"आनि ही खालची निली?"

"मिठातलं पाणी. बघा, दमटपणा एवढा वर-खाली झाला, पण मीठ हललंसुद्धा नाही."

हिराजी हसले. "मीठ कसा हालंल? मी व्हतो ना."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे?"

"दर्याचा वारा सुटला का मी दांडा वढतो. पिंपामागचा. आनि तुमी येनार त्या दिशी तर दांड्यावनं हातच न्हाय काढला. म्याडम एवढ्या लांबशी येतान. त्यांचं आकडं वाकडं आलं तर कसा दिसंल?"

पिंपामागे गरम हवा कमी-जास्त बाहेर सोडणारी एक जुनी झडप होती, हाताने ओढायच्या दांड्याची. दांडा ओढला की पिंपातून जास्त हवा खेळे आणि मीठ जास्त सुके. ती संगणकाला जोडलेली नव्हती. ती आम्ही पाहिली होती. माझ्या यंत्रयादीत तिच्यापुढे मीच 'वापरात नाही' असं लिहिलं होतं. व्यवस्थापकांनी तसं सांगितलं होतं, आणि मी हिराजींना विचारलं नव्हतं.

परतीच्या एसटीने नागोठणं सोडलं. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझ्या घरी बरणीतलं मीठ आषाढात पाणी सोडतं. तुमच्याही घरी सोडत असेल."

"हो सर."

"आणि आपण दोघांनी मिळून लिहिलं, परिणाम नगण्य." थोड्या वेळाने म्हणाले, "आपण मिठाचा अभ्यास केलाच नाही. हिराजींचा केला. तोही त्यांना न विचारता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खोलीत गेले ती चार पर्याय लिहून. सरांनी चारही शांतपणे ऐकले. शेवटचा पर्याय होता, प्रबंध आहे तसा द्यायचा आणि 'अभ्यासाच्या मर्यादा' या प्रकरणात एक वाक्य घालायचं.

"मर्यादा म्हणजे जे आपल्याला माहीत नाही ते," सर म्हणाले. "माहीत असलेलं तिथे लपवलं तर त्याला दुसरा शब्द आहे. आणखी एक वर्ष आकडे घ्यावे लागतील. पावसाळा ते पावसाळा, झडपेच्या रकान्यासकट."

"माझी नोंदणी संपते, सर."

"माहीत आहे."

"मग?"

"मग संपेल." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. "मीही त्याच वर्षी निवृत्त होतोय. तुम्ही माझ्या शेवटच्या विद्यार्थिनी. मला हे आवडलंय असं समजू नका."

मी म्हणू नये ते म्हटलं. "हे तुम्हाला आधी दिसायला हवं होतं."

"हो," सर म्हणाले.

मी उठले नाही, तेव्हा त्यांनी खण उघडून विद्यापीठाचा कोरा कागद काढला. "माझी सही प्रबंधावर मिळणार नाही. दुसऱ्या मार्गदर्शकाकडे जायचं असेल तर माझी हरकत नाही." त्यांनी ते पत्र माझ्यासमोर लिहिलं, सुवाच्य अक्षरात, तारीख घातली, शिक्का मारला. मी ते उचललं आणि नीट घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

दुसरे मार्गदर्शक आठ दिवसांत मिळाले. झडपेचं ऐकून त्यांनी विचारलं, एवढंच ना? मर्यादांमध्ये मी वाक्य घातलं: 'काही हस्तचलित घटकांची नोंद उपलब्ध नव्हती.' त्यातला एकही शब्द खोटा नाही. परीक्षकांनी त्यावर काही विचारलं नाही. जूनच्या आत प्रबंध गेला, पदवी मिळाली, बढती मिळाली. प्रबंध गेला त्याच आठवड्यात सरांनी मासिकाला पत्र लिहून आपला लेख मागे घेतला. विभागात लोक हळू आवाजात म्हणत, जाता जाता म्हाताऱ्याने स्वतःचं नाव घालवलं. मी तिथे असले की ते बोलणं थांबे.

दोन वर्षांनी मी डिप्लोमाच्या मुलांना त्या कारखान्यात घेऊन गेले. सहलीच्या यादीत तो कारखाना होता आणि तो खोडायला मला चांगलं कारण सापडलं नव्हतं. पिंपामागे स्टुलावर सर बसले होते, मांडीवर लांब वही. निवृत्त झाल्यापासून ते दर गुरुवारी एकटेच एसटीने येत होते. झडपेच्या दांड्यामागच्या पत्र्यावर त्यांनी ऑइलपेंटने शून्य ते दहा आकडे रंगवले होते. हिराजींनी हवा तसा दांडा ओढायचा, फक्त आकडा मोठ्याने सांगायचा.

"पाच," हिराजी ओरडले. मला बघून म्हणाले, "म्याडम, बघा, सरांनी मना शालंत घातला. कदी कदी अर्धा अर्धा तास हात लावू देत न्हाईत. मीठ वला व्हतंय डोल्यादेखत, आनि मी नुसता बसून. हात शिवशिवतान."

"मांडीवर ठेवा," सर वहीतून मान वर न करता म्हणाले. मग मला म्हणाले, "या. मुलांना दांड्यापासून जरा लांब उभं करा." चौकशी नाही, टोमणा नाही. निघताना मी नमस्कार केला. तेव्हा ते सातचा आकडा लिहीत होते.

त्यानंतर त्यांची किडनी गेली. डोळे मधुमेहाने आधीच अधू झाले होते. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी माणगावला नेत. हे कळल्यावर एका रविवारी मी निघाले. मुरूडवरून आगरदांडा, जंगलजेटीच्या बोटीने खाडीपलीकडे दिघी, तिथून रिक्षाने बोर्ली आणि पुढे वाडी. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, कारण मला आयत्या वेळी बोलता येत नाही. सर ओटीवर खुर्चीत होते, पाय सुजलेले. मी कागद काढला.

"तो कागद राहू दे," ते म्हणाले. कागदाची घडी उलगडल्याचा आवाज त्यांना ऐकू आला असावा. "आत कपाटात सात वह्या आहेत. मला दिसत नाही. तुम्हाला संगणकात भरता येईल?"

चार महिने मी रविवारी जात राहिले. मी आकडा वाचायचा, टाइप करायचा, पुढचा वाचायचा. सर डोळे मिटून ऐकत. मधेच हात वर करत. "थांबा. सात नसेल ते. त्या दिवशी वारा डोंगराकडून होता. नीट बघा." मी नीट बघे. तो एक असे. काकू दारात उभ्या राहून म्हणत, "अहो, जरा पडा आता." सर म्हणत, "हे पान होऊ दे." काकूंनी मला एकदा आत बोलावून सांगितलं, "तू येतेस म्हणून बसतात गं. एरवी भिंतीकडे तोंड करून असतात." मी बाहेर येऊन पुढचं पान उघडलं.

सहा रकाने घेऊन गणित पुन्हा मांडलं. दमटपणाचा परिणाम सगळ्यात मोठा निघाला. माझ्या प्रबंधातला नगण्य, तो इथे पहिल्या क्रमांकावर. सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि पाणी मागितलं. त्यांना दिवसाला मोजकंच पाणी होतं.

लेख पुरा झाला त्या रविवारी ते म्हणाले, "नावं घाला. पहिलं हिराजी म्हात्रे. दुसरं माझं."

मी टाइप केलं आणि थांबले.

"झालं?"

"सर, आणि माझं?"

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "तुम्ही आकडे वाचलेत. वाचणाऱ्याचं नाव आभारात येतं." मग म्हणाले, "रागाने सांगत नाही."

"माहीत आहे, सर."

"रागाने सांगितलं असतं तर तुम्हाला जरा बरं वाटलं असतं."

लेख पाठवला. त्याचं उत्तर यायच्या आत, थंडी सुरू होता होता, सर गेले. माणगावहून परत येताना गाडीतच. दहाव्याला हिराजी आले होते, ते माझ्याशेजारी बसले. "माझा नाव कशाला टाकला सरांनी? मी त निस्ता दांडा वढला."

"तेच लिहिलंय त्यात, हिराजीदादा. कधी ओढला आणि किती ओढला."

त्यांनी दोन्ही तळहात उलटे करून पाहिले. मग म्हणाले, "मंग तुमचा बी टाका. तुमी एवढा वाचला. आता कोन बोलनार हाय?"

माझ्या प्रबंधाला दुरुस्तीचा कागद जोडावा असा अर्ज मी त्याच महिन्यात विद्यापीठाला केला. उत्तर आलं: मान्य झालेल्या प्रबंधात असा बदल करण्याची तरतूद नाही. तो ग्रंथालयात आहे तसाच आहे, सोनेरी अक्षरांच्या काळ्या बांधणीत. कोणी मागितला तर देतात.

पुढे लेख स्वीकारल्याचं पत्र आलं. त्यासोबतच्या अर्जात लेखकांची नावं शेवटची तपासून कायम करायची होती. हिराजींच्या शिक्षणाच्या रकान्यात मी 'सातवी' लिहिलं, सरांच्या नावापुढे 'दिवंगत'. त्याखाली आणखी एक नाव घालायची सोय होती. हिराजींची संमती होतीच. मी तो अर्ज दोन नावांनिशी पाठवला. लेख आता छापून आला आहे. आभाराच्या परिच्छेदात, आकडे वाचून दिल्याबद्दल, माझं नाव आहे. त्याच्या आधी मी 'डॉ.' लावलेलं नाही.