बिल्ला आतच राहिला

माझी लेक स्वीडनमध्ये एका लहानशा गावात नोकरीला आहे. गाव म्हणजे काय, आधी लोखंडाची भट्टी आली आणि मग तिच्याभोवती माणसं. घरं कारखान्यानं बांधलेली, सगळी एकाच तांबड्या रंगाची. शाळा कारखान्याची, दवाखाना कारखान्याचा, माणसं उठायची तीही कारखान्याच्या घंटेवर. आता ती भट्टी थंड आहे आणि नगरपालिकेनं तिथं संग्रहालय केलंय. परवा रविवारी लेक मला फोनवर ते दाखवत हिंडत होती, आणि मी इथं विश्रामबागेत पलंगावर बसून शेंगा फोडत होते. म्हटलं, अगं, हे आपलं कारखान्यांचं कुपवाडच की, नुसती माणसं कमी आणि थंडी जास्त.

मग तिनं एक लाकडी फळा दाखवला. त्याच्या दोन बाजू, डावी बाहेरची, उजवी आतली. उजवीकडच्या खिळ्याला एकच पितळी बिल्ला लटकत होता.

"हा कुणाचा ते माहीत नाही म्हणतात," लेक म्हणाली. "पण काढायलाही कुणी धजत नाही. आई? शेंगा का खाली ठेवल्यास?"

"काही नाही गं. फोन तापलाय, ठेवते."

तिला काय ठाऊक असणार? ती तेव्हा पाळण्यातली.

आमचे हे कुपवाडला फौंड्रीत होते, साचे करायचे. तिथंही गेटाजवळ असाच फळा. कामावर जाताना आपल्या नंबराचा बिल्ला उजवीकडे अडकवायचा, सुटल्यावर डावीकडे. उजवीकडे एक जरी बिल्ला दिसला तरी वॉचमननं गेटाला कुलूप लावायचं नाही, कारण आत माणूस आहे. आणि आमचे हे नेमका तो हलवायचा विसरायचे. अर्ध्या वाटेतनं सायकल माघारी. इकडे ताट वाढलेलं आणि जेवणारा बेपत्ता. शेजारीण हटकून चिडवायची, "आज पण भावजी आतच का वो?" हसायचो आम्ही.

एका दुपारी भट्टीपाशीच यांच्या छातीत कळ आली. चौघांनी उचलून रिक्षात घातलं, पण मिरजेला दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं होतं. त्या धावपळीत बिल्ला कोण हलवणार? दिवसकार्य झाल्यावर तिथले वॉचमनमामा घरी आले. चहा हातात धरून बसले, पिईनात. म्हणाले, "वयनी, बिल्ला आतच हाय. मला काय हात लावू वाटंना."

पुढं कुणालाच वाटलं नाही. तो नंबरही पुन्हा कुणाला दिला नाही. नंतर कारखाना बंद पडला, आणि उजवीकडे बिल्ला असतानाच गेटाला कुलूप लागलं.

तेव्हापासून संध्याकाळी कारखाना सुटायच्या वेळेला मी दाराला कडी लावत नाही. उकडतं म्हणून, असं सांगते. थंडीतसुद्धा.

परवा फोन ठेवला आणि मला आठवलं, कारखान्याच्या त्या शेडी पाडायच्या आहेत असं आठवड्यापूर्वीच कानावर आलं होतं. सोमवारी सकाळीच रिक्षा करून गेले. गेटावर माण तालुक्याकडचा एक नवा वॉचमन.

"आवं आज्जी, कुटं निघाला? पाडायचं काम सुरू हुतंय उद्या."

"आमचे मालक आत आहेत."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "न्हाई वो. म्या आत्ताच फिरून आलोय. आत कोन बी न्हाई."

"फळा बघितलास का?"

तो सोबत आला. फळा होता. बाकीचे बिल्ले कुणी कुणी काढून नेलेले. यांचा मात्र तिथंच, काळा पडलेला, खिळ्याला गंजानं धरलेला. मी ओढला तर सुटेना. मग दोन्ही हातांनी हलवत हलवत काढला आणि पदरानं पुसला. नंबर दिसला. हातात असा गार लागला की वाटलं, आता टाकून द्यावा आणि पळावं.

"घरी घिऊन जावा की आता," वॉचमन हळूच म्हणाला.

"नको बाबा. बिल्ला घरी न्यायचा नसतो."

मी तो डावीकडे अडकवला.

बाहेर आले. मागं वॉचमननं गेटाला कुलूप घातलं, त्याचा आवाज ऐकला. रिक्षावाला चला म्हणत होता. त्याला म्हटलं, थांब जरा. आणि जिथं यांची सायकल लावलेली असायची, त्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. यांना यायला नेहमीच थोडा उशीर होतो.