पंधरा फुटी की सोळा फुटी

सोलापुरात सेलिंग क्लब आहे असं सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "पाणी कुठनं आणता?" नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावातला हा प्रश्न, त्यामुळे रागही धरता येत नाही. उत्तर द्यायला एक किस्सा सांगावा लागतो, तो सांगताना दुसरा आठवतो, आणि चहा गार होतो. किस्से कोणी जमवत नाही. काळ्या रानातनं चालताना चपलेला चिखल चिकटतो तसे ते चिकटतात, आणि घरी आल्यावर कळतं की पाय जड झालेत.

तर पाणी तुळजापूर रोडवर, हिप्परग्याच्या तलावात आहे. पाऊस बरा झाला तर उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत बोटी चालतात. मी नौदलात होतो. निवृत्त होऊन गावी आलो, चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याच्या मेंटेनन्सला लागलो आणि रविवारी पोरांना शिडाची बोट शिकवू लागलो. बसून राहणं मला जमत नाही. बायको म्हणते, "ह्यांना पंगतीला बसवलं तरी हे वाढायला उठतात."

गेल्या साली एका उद्योजकाने क्लबला निरोप दिला. पोरांसाठी कॅटामरानचा एक क्लास ठरवा, बोटी मी देतो. पण एकदा ठरवला की बदलायचा नाही!

कॅटामरान म्हणजे दोन सडपातळ बोटी आडव्या दांड्यांनी जोडलेल्या, मध्ये बसायला जाळी आणि वर शीड. क्लास म्हणजे एकाच घडणीच्या, एकाच मापाच्या बोटी. दोरीचासुद्धा फरक चालत नाही. सगळ्यांची बोट सारखी असली की बोट जिंकत नाही, माणूस जिंकतो.

आमच्यापुढे दोन नावं होती. सोळा फुटी, जुनी आणि दणकट. दुसऱ्या एका क्लबात वापरलेल्या मिळत होत्या, म्हटलं तर चार दिवसांत ट्रकने दारात. आणि पंधरा फुटी, नवी आणि हलकी. ती मागवायची, घडवून यायची, म्हणजे पुढच्या पावसाळ्यानंतर.

मला घाई होती ती लावण्या नावाच्या एका पोरीपायी. आमची सगळ्यात चांगली पोरगी. वडील नरसय्या, शहराच्या पूर्व भागात यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग चालते ठेवणारा माणूस. तिला एकोणिसावं चालू होतं, आणि युवा गटाची निवड चाचणी एकोणीस पुरं न झालेल्यांसाठी. त्या हिवाळ्याच्या अखेरची चाचणी तिची शेवटची. शिवाय नरसय्यांनी सांगून टाकलं होतं, "ह्या सालापुरतं पाण्यात. पुढच्या सालापासून युनिफॉर्मच्या कारखान्यात." बोट आत्ता आली तरच काही होणार होतं.

*

पहिली मीटिंग क्लबाच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाली. अजेंड्यावर एकच विषय होता.

आमचे एक सभासद डॉक्टर आहेत. त्यांनी रात्रंदिवस व्हिडिओ बघून पंधरा फुटीचा अभ्यास केला होता. त्यांनी लॅपटॉप उघडला. "जगातली पोरं यावर शिकतायत. आपण मागं का राहायचं?"

मी म्हटलं, "डॉक्टर, जगात तलाव आटत नाही. आपला आटतो. लवकर ठरवा."

डॉक्टर म्हणाले, "घाईत ऑपरेशन बिघडतं."

मी म्हटलं, "आणि उशिरा केलं तर?"

तेवढ्यात पोहे आले. पोह्यांवरून भज्यांचा विषय निघाला, भज्यांवरून कुठल्या चौकातली चांगली याचा. तीन गाड्यांवर सखोल चर्चा झाली आणि एक गाडी एकमताने निवडण्यात आली. बोटीचा विषय पुढच्या मीटिंगला.

मी दर रविवारी पाण्याच्या कडेला एक काठी रोवायचो. चौथ्या मीटिंगपर्यंत चार काठ्या ओळीने कोरड्यात उभ्या होत्या. डॉक्टरांना नेऊन दाखवल्या. ते म्हणाले, "वा, किती छान रेकॉर्ड ठेवलंय तुम्ही."

*

आमचे अध्यक्ष वळसंगचे आप्पा. सत्तरीचे, तलावात कधी पाय बुडवला नाही. नातू एकदा क्लबात आला, चार रविवारांत कंटाळून गेला, आप्पा राहिले. बैलांचे मात्र जाणकार. आसपासच्या गावांत बैल घ्यायचा तर लोक आधी आप्पांना गाडीत घालून नेत.

सोळा फुटी बघायला मी त्यांना त्या दुसऱ्या क्लबात नेलं. तिथले सेक्रेटरी शीड, डोलकाठी, दोऱ्या दाखवत होते. आप्पांचं लक्षच नाही. ते वाकून एका बोटीच्या दोन्ही अंगांवर बोटाच्या पेराने टकटक करत पुढून मागे गेले. मग म्हणाले, "हे दोन सुटं करा की. येकेक उचलून दावा."

सेक्रेटरी म्हणाले, "आप्पा, दोन्ही सारखेच असतात. एकाच साच्यातले."

"जोडी हाय म्हंजे जोडी तपासाय नको व्हय?"

दोन माणसांनी डावं उचललं, आरामात उचललं. उजवं उचलताना त्यांचे चेहरे बदलले. आप्पा खाली बसले, उजव्याच्या शेपटाजवळ पुन्हा टकटक केली. आवाज बद्द आला. "हितनं पाणी पेलंय ह्ये. दिसाय गुटगुटीत, पर आतनं सुजलंय. लावलं का डावा पळंल, उजवा बसंल."

सहा बोटी त्यांनी अशा वाजवल्या. चार नापास केल्या, दोन बाजूला काढल्या. सेक्रेटरी वहीत लिहून घेत होते. येताना मी हरखून म्हटलं, "म्हणजे आप्पा, सोळा फुटी नक्की?"

आप्पा म्हणाले, "बैल बगितला. रान कुटं बगितलंय अजून?"

मला त्या गाडीतनं उडी टाकावीशी वाटली.

*

तोवर पोरांनी शिकायचं कशावर? चिंचोळीला आमच्या शेजारच्या प्लॉटवर रफीकभाई फायबरच्या पाण्याच्या टाक्या करतात. मी त्यांच्याकडे ड्रॉइंग घेऊन गेलो. "रफीकभाई, सरावापुरती डबल बोट करायची आहे."

"हौ सर, करतौं ना. कित्ते लिटर की?"

"लिटर नाही, फूट."

आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी खपून त्यांनी दोन अंगं केली. सुरेख झाली. पाण्यात घालायला गेलो तर दोन्हींच्या मागे खाली अर्ध्या इंचाचा नळ बसवलेला! बोटीच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली.

"रफीकभाई, हे काय?"

ते माझ्याकडे कीव करून बघत म्हणाले, "सर, टाकी को नळ नक्को क्या?"

गंमत म्हणजे नळ चांगलाच उपयोगी पडला. बोट बाहेर काढली की नळ सोडायचा, आत झिरपलेलं पाणी निघून जायचं. पोरांनी एक सवय मात्र जन्माची लावून घेतली: बोटीत बसण्याआधी दोन्ही नळ पिळून बघायचे. एकदा एकाने बघितला नाही, तर अर्ध्या तलावात लावण्याने बोट मागे वळवली आणि नळ बंद करण्यासाठी त्यालाच पाण्यात उतरवला.

पुण्याहून एक कोच आठवडाभर आले होते. त्यांनी आमची टाकी, म्हणजे रफीकभाईंची बोट, चालवली, खूश झाले. "पोरं उत्तम शिकली आहेत यावर. फक्त एक आहे. ही कुठल्याच क्लासमध्ये बसत नाही. चाचणीला हिला घेऊन गेलात तर गेटवरच थांबवतील."

हे ते हसत बोलले. लावण्या तिथेच दोर गुंडाळत होती. ती हसली नाही.

*

त्याच कोचनी पोरांना दोन दोर जोडायची गाठ शिकवायला घेतली. सावकाश, टप्प्याटप्प्याने. "आधी जाड दोराची अशी घडी. मग बारीक दोर खालून वर. घाई नाही. पहिल्या दिवशी कोणाला जमत नाही."

लावण्याने दोन टोकं घेतली. बोटं हलली की नाही तेही दिसलं नाही, आणि गाठ तयार. कोचनी ती ओढून बघितली, उलटी करून बघितली. "परत कर."

तिने परत केली. या वेळी एका हाताने.

"कुठल्या क्लबात शिकलीस?"

"घरीच सर. मागावर धागा तुटला की हीच मारायची. हळू मारली की पप्पा ओरडतात, माग थांबतो म्हणून."

कोचनी उरलेला तास तिला शिकवायला दिला आणि स्वतः पोरांत जाऊन बसले.

हे मी मोठ्या कौतुकाने नरसय्यांना जाऊन सांगितलं. मागांच्या खडखडाटात ते कानाजवळ येऊन ओरडले, "गाठ मी शिकवलो, मग सर्टिफिकेट पाण्यातनं कशाला आणायचं?" तेवढ्यात धागा तुटला आणि ते गेले.

*

आणि मायाक्का. बारा वर्षांची. तिच्या घरची मेंढरं तलावाच्या कडेला चरतात. बोटी बघत बघत एक दिवस आत येऊन बसली ती बसलीच. लावण्याच्या मागे सावलीसारखी असते.

क्लबाच्या जुन्या एकेरी बोटी आणि आमची टाकी, अशी सरावाची शर्यत चालली होती; टाकीवर मायाक्का. सगळी पोरं शिडावरच्या रिबिनीकडे बघत वारा ओळखत होती. मायाक्का पलीकडच्या काठाकडे बघत होती. मी रागावून ओरडलो, "मायाक्का, लक्ष कुठंय? शीड बघ."

तिने शिडाकडे न बघताच बोट सगळ्यांच्या उलट दिशेला वळवली. मी डोक्याला हात लावला. दोन मिनिटांत वारा फिरला आणि तिची टाकी सगळ्यांच्या पुढे निघून गेली.

काठावर आल्यावर विचारलं, तर म्हणाली, "उनाचं मेंढरू वाऱ्याकडं तोंड करतंय, सर. पल्याडची आदी फिरली. मंग मीबी फिरले."

डॉक्टरांनी हे ऐकलं आणि लॅपटॉप बंद केला. पहिल्यांदाच.

*

शेवटची मीटिंग कडुनिंबाखाली झाली, कारण शेडमध्ये माझ्या येरझाऱ्यांना जागा पुरत नव्हती. उद्योजकाचा निरोप होता, आज कळवा. मतं पडली. तीन सोळा फुटीला, तीन पंधरा फुटीला. उरले आप्पा.

त्या दिवशी नरसय्या पहिल्यांदाच तलावावर आले होते. स्कूटर लावून लांबच उभे होते. वर्ष संपत आलंय याची आठवण करून द्यायला आले असावेत.

आप्पा म्हणाले, "आपल्यातलं कुनी बसनार हाय का त्यात? न्हाय न्हवं? मंग जे बसनार त्यास्नी इचारा की. थोरलीला बोलवा."

मला इतका आनंद झाला की मी आप्पांचे पायच धरणार होतो. सोळा फुटी आली तर काय होईल हे लावण्याला मी दोनदा सांगितलं होतं. चार दिवसांत बोट, उरलेला हिवाळा सराव, मग चाचणी. पंधरा फुटी आली तर ती येईपर्यंत तिचं वय निघून गेलेलं असेल, हेही सांगितलं होतं. तिला एकच शब्द बोलायचा होता.

लावण्या उठली. ओढणी कमरेला खोचली आणि म्हणाली, "पंधरा."

मला वाटलं, चुकून बोलली. "लावण्या, नीट सांग. तुला सोळा म्हणायचंय."

"नाही सर. पंधरा." मग तिने मायाक्काला आणि बोटीतल्या तिच्या जोडीदारणीला हाताला धरून पुढे उभं केलं. "मागल्या रविवारी ह्या दोघींना रद्दीवाल्याच्या काट्यावर उभं केलं होतं मी. दोघी मिळून सत्तर किलो होतात. बोट उलटली की दोरीला लोंबकळून आपल्या वजनानं सरळ करायची असते. सोळा फुटी सत्तर किलोला दाद देत नाही, सर. तुम्हीच शिकवलंय. ह्या पाण्यात तशाच धरून बसतील. मी रोज काठावर असणार आहे का?"

मी हातातली वही मिटली. मला तिचा राग आला होता, खरं सांगतो. इतका राग मला त्या डॉक्टरचाही कधी आला नव्हता.

आप्पांनी हात वर केला. "पंधरा. ल्ह्या."

मी वही उघडली. नरसय्या हळूहळू जवळ आले होते. त्यांना बोटीतलं काही कळत नव्हतं, पण मतं त्यांनी मोजली होती. त्यांनी मला विचारलं, "सर, ही ह्या बारक्यांची झाली. मग आमच्या पोरीची बोट कुठली?"

मी तिला हाक मारायला वळलो.

लावण्या केव्हाच पाण्याच्या कडेला पोचली होती. टाकीचं एक अंग तिने उचललं होतं, दुसरं त्या दोघींना उचलत नव्हतं.

"पप्पा," ती तिथनं ओरडली, "उभे काय राहिलात? तिकडनं धरा की. वारा पडेल."

नरसय्यांनी चपला काढल्या आणि पँट दुमडायला घेतली.