रावस, दूध आणि सासूबाई

घशाचं रेडिएशन सुरू झालं आणि तिसऱ्या आठवड्यात माझ्या तोंडाची पार वाट लागली. साधं फोडणीचं वरणसुद्धा झोंबायचं. डॉक्टर म्हणाले, "आणखी दोन किलो उतरलात तर नाकातून नळी घालावी लागेल." बाकी सगळं सोसलं असतं, पण त्या नळीला मी जाम घाबरायचो.

बायको नोकरीला जायची, म्हणून लालबागहून सासूबाई आमच्या भोईवाड्यातल्या खोलीत राहायला आल्या. या बाईंच्या हातच्या कालवणाने भल्याभल्यांना घाम फुटतो. मी मनात म्हटलं, मेलो, आता नळीच.

पण बाई भारी निघाल्या. मोबाईल घेऊन बसल्या आणि बिनतिखटाचं जगात कोण काय खातं ते बघायला लागल्या. इंग्रजी येत नाही, जपानी तर लांबच. आवाज बंद करून नुसते रांधणाऱ्यांचे हात बघायच्या. "बोलणं कशाला कळायला हवं? ढवळते कशी ते दिसतंय ना," म्हणायच्या.

पहिला पदार्थ जपानी, वाफवलेलं मऊ अंडं. त्यात खारट सॉस होताच, वर सासूबाईंनी आपल्या अंदाजाने मीठ घातलं. त्यांच्या घरात नैवेद्य दाखवल्याशिवाय काही चाखत नाहीत, सगळं नजरेच्या मापाने. पहिल्याच घासाला तोंडात निखारा ठेवल्यासारखं झालं. मी वाटी ढकलली आणि ओरडलो, "जमत नाही तर करता कशाला?" सांगताना आजही लाज वाटते. त्यांनी सांडलेलं भरलं, फरशी पुसून घेतली.

दुसऱ्या दिवशी चिनी पेज आली, आल्याच्या नुसत्या वासाची. मग तुर्कांचं दह्याचं सूप. "ही आपली कढीच, फोडणी द्यायची राहिलेली," त्या म्हणाल्या. एक दिवस तर फिनलंडकडचं, दुधात शिजवलेल्या माशाचं सूप. मासा आणि दूध एकत्र म्हणजे आम्हा कोकणातल्यांना ऐकूनच शिसारी. अंगावर कोड उठतं म्हणतात. बाईंनी पदर खोचला, रावसाचा काटा न् काटा काढला आणि दूध ओतलं. "तिकडची माणसं जगतातच ना," एवढंच बोलल्या. मी वाटी चाटूनपुसून खाल्ली.

महिनाभरात एकही घास झोंबला नाही. मला वाटलं, बाईंचा हात बसला.

डॉक्टर शेवटचं वजन करणार होते, त्या सकाळी मी पाणी प्यायला उठलो. सासूबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. चमचाभर सूप तोंडात घेऊन, डोळे मिटून, बराच वेळ तसंच धरून ठेवलेलं. मग पातेल्यात थोडं दूध वाढवलं आणि पुन्हा एक चमचा तोंडात.

"आई, तुम्ही चाखता?"

त्या केवढ्या दचकल्या. चमचा पदराआड गेला. "जावयाला उष्टं वाढते, कळतं मला. पण तुमच्या तोंडापुरतं मीठ नुसतं बघून समजेना. आणि आयुष्यभर तिखट खाऊन माझी जीभ निबर. तिला काय कळणार तुम्हाला काय झोंबतं ते? म्हणून त्या अंड्याच्या दिवसापासून तिखट सोडलं. तुमचंच खाते."

"दुधातला रावससुद्धा?"

"तो आधी मीच खाल्ला. मला काही झालं नाही, मग तुम्हाला दिला."

मला रडूच आलं. हुंदका गिळायचा म्हटलं तर तेवढंही त्या घशातून उतरेना.

हॉस्पिटलात वजन फक्त अर्धा किलो उतरलेलं निघालं. "नळी नको," डॉक्टर म्हणाले आणि फाइल मिटता मिटता विचारलं, "घरी खाता तरी काय हो?"

बायकोने सुट्टी टाकली होती. ती कौतुकाने जपान, चीन, तुर्कस्तान सांगायला लागली. मी तिचा हात धरून तिला थांबवलं. आवाज पार बसलेला होता, तरी दाराशी डबा घेऊन उभ्या असलेल्या बाईंना ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणालो, "सासूबाईंचं उष्टं."