अक्षतांमागं धावलेला कॅमेरा

आज कॅमेऱ्याची जुनी बॅग उघडली तर कोपऱ्यातून हळदीचा एक वाळका तांदूळ घरंगळला, आणि माझं डोकं पुन्हा तापलं. काही वर्षांपूर्वीचं अक्कलकोट रोडवरच्या मंगल कार्यालयातलं ते लग्न, उन्हाळ्याची दुपार, वर तापलेले पत्रे आणि शूटिंगला माझ्या हातात नवाकोरा एचडी कॅमेरा. “फोकसची काळजीच सोडा, सगळं आपोआप,” असं विकणारा म्हणाला होता. सकाळभर चित्र इतकं लख्ख येत होतं की नवरीच्या शालूतली जरीची तार न् तार दिसावी. मग मंगलाष्टकं सुरू झाली, हॉलभर हात वर गेले, अक्षता उडाल्या, आणि हे शहाणं यंत्र नवरा-नवरीला धूसर सोडून तांदळामागं धावायला लागलं. जुन्या कॅमेऱ्याची फोकसची रिंग हातानं फिरवली की काम व्हायचं. इथं ते ‘आपोआप’ बंद करायची सोय मेनूच्या पोटात कुठंतरी दडलेली. घामेजल्या बोटांनी मी ती शोधत राहिलो आणि तिकडं अंतरपाट सरला, गळ्यात हारही पडले. नंतर घरी टीव्हीवर ते बघून नवरीचे वडील म्हणाले, “तांदूळ लई भारी आलेत की हो. आमची पोरगी कुटं हाय?” काल शूटिंग ठरवायला आलेला एक नवरदेव मोबाईलवर दुसऱ्या लग्नाचा नमुना दाखवत म्हणाला, “दादा, अक्षता एकदम क्लिअर, अन् आमी मागं धूसर. असंच पायजे बघा.” म्हणून आज बॅग उघडली, त्या दिवशी चिडून कायमचं बंद केलेलं ते ‘आपोआप’ मी पुन्हा मेनूत शोधत बसलोय.