आधीच ठरलेल्या गाड्यांचे कंट्रोलरसाहेब

देवाच्या कारभारावर एवढा विश्वास आणि एसटीच्या वेळापत्रकावर एवढा अविश्वास असलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आणि गंमत म्हणजे ते वेळापत्रक चालवण्याचाच पगार हा माणूस घेत होता. औरंगाबादच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीआड बसणारे ते आमचे कंट्रोलरसाहेब. मी पैठणच्या शाळेत मास्तर, राहायला औरंगाबादेत, त्यामुळे रोजचं अप-डाऊन. पहिल्याच दिवशी मी त्या खिडकीत डोकं घालून विचारलं, "पैठण गाडी कधी?" साहेबांनी रजिस्टरातून मान वर केली आणि अत्यंत मायेनं म्हणाले, "यायच्या टायमाला येईल. तो टायम जगाच्या स्थापनेच्या आधीच ठरलाय. आपल्याला कळवला नाय, एवढंच." गाडी पाऊण तासानं आली. साहेबांनी खिडकीतून माझ्याकडे बघून असा हात केला की जणू बघा, अगदी वेळेवर.

साहेब ख्रिस्ती. छावणीतल्या चर्चमध्ये रविवारी तिसऱ्या बाकावर बसत, आणि ते बाकसुद्धा त्यांच्या मते देवानं त्यांच्यासाठी राखून ठेवलेलं होतं. कोणाचं तारण होणार आणि कोणाचं नाही, हे माणूस जन्मायच्या आधीच देवानं ठरवून टाकलंय, माणसाच्या हातात काही नाही, हा त्यांचा सिद्धांत. त्यांचे पाळकसाहेब मात्र म्हणत की देवानं माणसाला इच्छा दिलेली आहे आणि तिचा जाब देव मागणार आहे. उपासना संपली की चर्चच्या पायऱ्यांवर दोघांची जुंपायची. एका रविवारी मी साहेबांची वाट बघत फाटकाशी सव्वा तास ताटकळलो. प्रभूला ज्या शिष्यानं धरून दिलं त्याचा दोष किती, हा त्या दिवशीचा मुद्दा. साहेबांचं म्हणणं, "त्यानं धरून द्यायचं हे ठरलेलंच व्हतं, मग त्याला कशापायी बोल लावता?" पाळकसाहेबांचं म्हणणं, मनात आणलं असतं तर तो अर्ध्या वाटेवरून मागं फिरला असता. या भानगडीत पाळकसाहेबांची फुलंब्रीची गाडी चुकली, तिकडे लग्न लावायला जायचं होतं. "बघा," साहेब खुशीत म्हणाले, "माझ्याशी वाद घालायचा का नाय हे तुमच्या हातात असतं, तर चुकली असती का गाडी?"

माइकवरून घोषणा करतानाही त्यांना राहवायचं नाही. "फर्दापूरकडे जाणारी गाडी, प्रभूची इच्छा असल्यास, फलाट क्रमांक चारवरून सुटेल." एकदा फलाटावरून कोणीतरी ओरडलं, "प्रभूची असंल हो साहेब, ड्रायव्हरची हाय का?" ते दिवस शहर भराभर वाढायचे होते. आधी चिकलठाण्याला, मग वाळूजला कारखाने उभे राहत होते, आणि खेड्यापाड्यांतली पोरं सर्टिफिकेटांची पिशवी छातीशी धरून सकाळच्या गाड्यांनी उतरत. साहेब त्यांना वाळूजच्या गाडीचा फलाट सांगत आणि वर फुकटचा दिलासा देत, "भिऊ नको. तिथं कोणाचं नाव लागायचं ते आधीच लिहिलेलं हाय." एकानं खिन्नपणे मान हलवली, "ते म्हायतीय साहेब. मॅनेजरच्या भाच्याचं."

बरं, एवढा निर्धास्त माणूस, पण बाराही महिने छत्री बाळगायचा. रस्ता ओलांडताना तीनदा डावीकडे, तीनदा उजवीकडे बघायचा, आणि रस्ता मोकळा झाला तरी आणखी एकदा बघायचा. मी छेडलं, "भिजायचं का नाही हे ठरलेलं असेल तर छत्री कशाला?" ते शांतपणे म्हणाले, "छत्री घेनंबी ठरलेलंच हाय." या उत्तरापुढे माणसानं काय करावं? मी वर्षानुवर्षं त्यांच्याशी भांडलो. माझा ना त्यांच्या शास्त्राचा अभ्यास ना माझ्या. पण माणसाला स्वतःचं काहीतरी ठरवता येतं, निदान भाजी कोणती आणायची हे तरी, अशी माझी बाजू असायची. हरायचो मीच.

घरी त्यांच्या बाईंनी हा सिद्धांत अंगी बाणवला होता, तो निराळ्या कारणासाठी. भाजी खारट झाली की साहेब तोंड उघडायच्या आत त्या म्हणत, "ठरलेलंच होतं." असं त्यांनी म्हटलं की मी पोट धरून हसायचो. एकदा साहेब बाहेर गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "भाऊ, माझ्यावर हसा, पण त्यांच्या त्या ठरल्या-बिरल्याला हसू नका. त्याच्यावर त्यांना झोप लागते." मग त्यांनी सांगितलं. वीसेक वर्षांपूर्वी, नवी नोकरी, दुसऱ्या जिल्ह्यातलं लहानसं स्टँड. धो धो पाऊस, गाडीच्या वाटेत ओढ्यावर बुटका फरशीपूल, त्यावरून पाणी. ड्रायव्हरनं विचारलं, "साहेब, सोडू का?" साहेब म्हणाले, "सोड." गाडी फरशीवर कलंडली. बाकी सगळे वाचले, एक म्हातारी तेवढी वाहून गेली. चौकशीत साहेबांना कोणी दोष दिला नाही, पण त्यांची अन्नावरची वासना गेली, झोप गेली. तेव्हा कुठल्याशा प्रवचनात त्यांनी ऐकलं की प्रत्येकाची घटका आधीच नेमलेली असते. त्या रात्री ते झोपले.

त्या दिवसापासून मी वाद घालत राहिलो, पण हरण्याची काळजी घेऊ लागलो.

विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन पेटलेलं होतं, त्या दिवसांतली संध्याकाळ. शहरात नामांतराच्या बाजूनं मोठा मोर्चा निघाला होता, आणि बाहेरगावी कुठं कुठं वस्त्या जाळल्याच्या बातम्या येत होत्या. पैठणहून आलेल्या गाडीतून मी उतरलो. तीच गाडी परत पैठणला जायची होती. तिच्यात मोर्चाहून परतणाऱ्या चौदा-पंधरा बाया चढून बसल्या, निळे झेंडे गुंडाळून मांडीवर घेतलेले. ड्रायव्हर खिडकीशी आला. "साहेब, सोडू का?"

साहेबांचा चेहरा मी पाहिला. मी म्हणालो, "रस्ता शांत आहे, मी आत्ताच आलोय." त्यांनी ऐकलंसुद्धा नाही. "नको," ते म्हणाले. "गाडी जाणार नाय."

बाया खाली उतरल्या. त्यांच्यातल्या थोरल्या बाईनं खिडकीचे गज धरले. "आम्ही मोर्च्याच्या म्हनून गाडी नाय व्हय?"

साहेब उठून बाहेर आले. "तसं नाय माय. तुम्हाला काय झालं तर तुमच्या घरी मी काय सांगू?"

साहेबांच्या बाईंनी घरी पंधरा जणींच्या भाकरी थापल्या, मी सायकलवरून पिठलं आणलं, आणि बाया कंडक्टर लोकांच्या खोलीत मुक्कामाला राहिल्या. सकाळच्या पहिल्या गाडीनं त्या गेल्या. रस्त्यावर रात्रभर चिटपाखरूही नव्हतं. साहेबांना मेमो मिळाला. ड्रायव्हर लोकांनी चेष्टा लावली, "साहेब, ती गाडी थांबायची असंबी ठरलेलं व्हतं का?" साहेब हसत नव्हते. मेमोचं दुःख असेल असं मला वाटलं, म्हणून मी समजूत घालायला लागलो. त्यांनी मला थांबवलं.

"मेमोचं काय नाय, मास्तर. परवा गाडी मला थांबवता आली. मंजी तवाबी आली असती."

जन्मभर माणसाच्या इच्छेची बाजू लढवलेला मी, तिथल्या तिथं पलटलो. "साहेब, असं कसं? परवा थांबवणं ठरलेलं होतं आणि तेव्हा सोडणं ठरलेलं होतं. सगळं आधीच ठरलेलं असतं!" त्यांचीच सगळी प्रमाणं मी त्यांना धडाधड ऐकवली. साहेबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मन चांगलं हाय तुमचं. पर शास्त्र लई कच्चं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन दिवसांची रजा टाकली आणि त्या म्हातारीच्या गावाला गेले. वीस वर्षांत पहिल्यांदाच. जे ठरलेलंच होतं त्याबद्दल कोणाची माफी मागायची गरज नव्हती; आता होती. मी त्यांना गाडीत बसवून दिलं. छत्री मांडीवर घेऊन ते खिडकीशी बसले होते. दवाखान्यात निघालेल्या माणसासारखे दिसत होते.

चौथ्या दिवशी सकाळी साहेब जागेवर हजर. टेबलावर भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. मी आत जाऊन बसलो, पण विचारायचा धीर होईना. शेंगा माझ्याकडे सारत तेच म्हणाले, "म्हातारीच्या पोराला नातवंडं झालीत आता. मी सांगितलं, ती गाडी मी सोडली व्हती. मी उठाया लागलो, तर म्हनला, हात धुवा, जेवाया बसा. निघताना ह्या शेंगा बांधून दिल्या." त्यांनी एक शेंग फोडली, पण दाणे हातातच राहिले. "त्याला 'नाय' म्हनताबी आलं असतं, मास्तर. कोनी काय म्हनलं नसतं त्याला."

त्यांचे डोळे भरून आले होते आणि चेहरा मात्र इतका निवांत मी कधी पाहिला नव्हता. बाहेर पैठणची गाडी फलाटाला लागली, कंडक्टरनं दोनदा माझ्याकडे बघितलं. मी ती जाऊ दिली आणि साहेबांजवळ शेंगा सोलत बसून राहिलो. शाळेत उशिराची लाल शाईची खूण झाली. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी आपल्या मर्जीनं केलेल्या मोजक्या गोष्टींत ती एक असावी, आणि साहेब आता नाहीत तेव्हा हे कबूल करायला हरकत नाही.