वेदीपाशी ऊस

मंडळी, आज रविवारच्या मिस्साला पहिल्या तोडीचा ऊस घेऊन गेले. अर्पणाला ऊस न्यायची पद्धत आमच्या पलूसच्या घरात सत्तरच्या दशकात आईनं सुरू केली.

चर्चच्या दारातच कमिटीतल्या नव्या साहेबांनी अडवलं. "मावशी, ऊस बाहेर ठेवा. बरं दिसत नाही."

तेव्हाच्या फादरांनीही आईला विचारलं होतं, "ऊस कशाला?"

आई म्हणाली, "आवं फादर, आमच्या रानात जे पिकतंय तेच देवाला आणणार की!"

फादरांनी स्वतःच्या हातानं ऊस वेदीला टेकवला होता.

आज मी साहेबांना एवढंच म्हटलं, "सरका." आणि ऊस खांद्यावरून थेट वेदीपाशी नेऊन उभा केला.

तुमच्या रानात काय पिकलंय? पुढच्या रविवारी घेऊन या. बघू, दारात कुणाकुणाला अडवतात!